आरंभशूरता आणि तडीस गेलेली कामे

‘आरंभशूर’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो दूषणाचा शब्द आहे याची आठवणही आपल्याला क्वचितच होते. संस्कृतातील एका जुन्या उक्तीने तर हा दोष नेमका दाक्षिणात्यांच्याच पदरी बांधला आहे. नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना ती उक्ती अंमळ अधिकच झोंबते. कारण आमच्यापैकी पुष्कळांच्या कपाटात एखादे तरी अर्धे राहिलेले काम पडलेले असते. कोणी घराण्याची वंशावळ जुळवू लागलेला असतो, कोणी आपल्या गावच्या बोलीतील शब्द टिपू लागलेला असतो. आणि घरोघर संगणक आल्यापासून कोणी एखादा प्रोग्रॅम, म्हणजे संगणकाला द्यावयाची आज्ञावली, रात्री जागून लिहू लागलेला असतो. जयपूरच्या वायव्येस, सीकर रस्त्यालगतच्या मुरलीपुऱ्यात आम्ही राहतो, तेथेही हाच प्रकार आहे. रविवारी चहाला चार मराठी माणसे जमली, की नव्या संकल्पांची वार्ता पुष्कळ निघते. जुन्या संकल्पांचे काय झाले, हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी करीत नाही.

अशी कामे अर्धी का राहतात, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘उत्साह मावळला.’ हे उत्तर आम्हांला उलटे वाटते. उत्साह हे कामाचे भांडवल आहे, ते संपले की काम थांबते, असे आपण गृहीत धरतो. परंतु ज्यांनी स्वतःच्या हौसेने हाती घेतलेली मोठी कामे तडीस नेली, त्यांचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की उत्साह हे भांडवल नसून व्याज आहे. कामाचा एखादा लहान भाग पुरता सिद्ध होऊन डोळ्यांसमोर उभा राहिला, म्हणजे त्यातून पुढच्या भागापुरता उत्साह निपजतो. ज्याच्या कामाची मांडणीच अशी असते, की शेवटचा दगड बसेपर्यंत काहीच उपयोगी पडू नये, त्याचा उत्साह कितीही दांडगा असला तरी तो पुरत नाही. या म्हणण्यास आधार काय, हे पाहण्यासाठी आम्हांला फार दूर जावे लागत नाही. मुरलीपुऱ्याहून शहरात उतरले, की त्रिपोलिया दरवाज्यापलीकडे जंतरमंतर उभे आहे.

सवाई जयसिंह हा वेधशाळेचा कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु ज्योतिष हा त्याचा धंदा नव्हता, हे आपण विसरतो. तो मोगल दरबाराचा मनसबदार होता, आग्रा व माळवा या सुभ्यांचा कारभार त्याच्याकडे वेळोवेळी होता, १७२७ साली त्याने जयपूर नगर वसविले, आणि १७३३ साली मंदसोरजवळ होळकर-शिंद्यांच्या फौजांनी त्यालाच कोंडीत धरले होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर नोकरी सांभाळून त्याने आपली हौस पुरी केली. आता ही हौस त्याने कशी पुरी केली ते पाहण्यासारखे आहे. प्रथम त्याने जुन्या अरबी-फारसी ग्रंथांत सांगितल्याप्रमाणे पितळी यंत्रे करविली. ती आकाराने लहान, त्यांचे आस झिजत, केंद्रे सरकत. म्हणून वेध नीट जुळेनात. तेव्हा चुन्यादगडाची, न हलणारी मोठी यंत्रे बांधावी असे त्याने ठरविले. पण एकदम पाच ठिकाणी पाया खणला नाही. १७२४च्या सुमारास दिल्लीची वेधशाळा उभी राहिली. तिच्यावर वेध घेऊन पाहिले, आणि ते पडताळून पाहता यावेत म्हणून पुढे जयपूर, मथुरा, काशी व उज्जैन येथे यंत्रे बांधली. सात वर्षे वेध घेतल्यावर युरोपातही असे काम चालू असल्याचे कळले, तेव्हा पाद्री फिगेरेदो यांच्यासमवेत त्याने माणसे पोर्तुगालला पाठविली. त्यांनी आणलेली फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके ताडून पाहता चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक त्याला आढळला. या सर्वांचे फळ म्हणजे ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ हा कोष्टकग्रंथ.

जयपूरचा मोठा सम्राटयंत्र सुमारे २७ मीटर उंच असून तो दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवितो, हे सर्व प्रवाशांना सांगण्यात येते. त्याच आवारात लघुसम्राटही आहे, आणि तो वीस सेकंदांपर्यंत वेळ दाखवितो, हे मात्र फारसे कोणी ऐकून घेत नाही. आम्हांला या धाकट्याचे महत्त्व कमी वाटत नाही. मोठा यंत्र कधी बांधलाच गेला नसता, तरी धाकट्याने आपले काम चोख केले असते. जयसिंहाच्या कामाचे मर्म हेच होते. त्याचे प्रत्येक अंग स्वतंत्रपणे पुरे होते, आणि पुढचे अंग त्याच्या आधाराने उभे राहत होते.

याच दरबारात जगन्नाथ सम्राट हे पंडित होते. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय ब्राह्मण मानते. त्यांनी अरबी व फारसी या भाषा आत्मसात केल्या, आणि नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने पंधरा अध्यायांत संस्कृतात आणली. त्यानंतर टॉलेमीच्या ‘अल्मजेस्ट’ या महाग्रंथाचे संस्कृत रूपांतर केले. ते १७३२ सालचे. परमुलखात राहून, परभाषा शिकून, दुसऱ्याच्या दरबारची चाकरी करीत असता एवढे काम उरकणारा हा माणूस आपल्यासारख्या बदलीवर आलेल्यांचा पूर्वज शोभतो. येथेही क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी भूमिती, मग तिच्यावर उभे राहणारे ज्योतिष. पहिला ग्रंथ हाती आला नसता तर दुसऱ्याची हिंमत कशी झाली असती?

जयसिंह राजा होता आणि जगन्नाथ पंडितांना राजाश्रय होता, तेव्हा त्यांचा दाखला आम्हां पगारदारांना काय कामाचा, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्याकडे वळावे. १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरुड येथे जन्मलेले दीक्षित हे शिक्षणखात्यात शिक्षक होते. इंग्रजी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. दक्षिणा प्राइझ कमिटीने जाहीर केलेल्या बक्षिसाच्या निमित्ताने त्यांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहावयास घेतला, आणि शाळेचे काम सांभाळून शेकडो ग्रंथांचा व पंचांगांचा धांडोळा घेतला. तो ग्रंथ १८९६ साली पुण्यात छापून निघाला. त्याच साली रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेले भारतीय कालगणनेवरील त्यांचे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ साली, दीक्षित वारले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. ‘सेवानिवृत्त झाल्यावर निवांत लिहू’ असा विचार त्यांनी केला असता, तर आज आपल्या हाती काय असते? पुढे भारत सरकारच्या वेधशाळा-खात्याने या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६९ व १९८१ साली दोन भागांत प्रसिद्ध केले. एका शिक्षकाने फावल्या वेळात केलेले काम केंद्र सरकारच्या दप्तरात असे दाखल झाले, ही गोष्ट आम्हां कारकुनांना तरी विशेष वाटते.

दीक्षितांच्या कामात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांच्या लेखनाची कोणीतरी वाट पाहत होते. बक्षिसाची रक्कम महत्त्वाची असेल वा नसेल. पण आपले हस्तलिखित अमुक एका ठिकाणी वाचले जाणार आहे, ही जाणीव हातून काम करवून घेते. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ही गोष्ट पुरती ओळखली होती. तेही महाराष्ट्राबाहेर, रायपूर येथे, १८८४ साली जन्मलेले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या गृहस्थाने मराठी ज्ञानकोशाचा संकल्प केला, तेव्हा तो एखाद्या सरकारने करावयाचा होता. केतकरांनी त्यासाठी नागपूर येथे मंडळी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार जमविले, आणि खंडामागून खंड बाहेर काढले. पहिले पाच प्रस्तावनेचे खंड हेच मुळी स्वतंत्र ग्रंथ आहेत. २३ खंड पुरे झाले, ते वर्गणीदारांच्या साक्षीने. बारा वर्षांच्या या खटाटोपाचा इतिहास त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. याच केतकरांनी पुढे गुजराती ज्ञानकोश हाती घेतला, तो मात्र पुरा झाला नाही. माणूस तोच, जिद्दही तीच. तेव्हा जिद्दीवर सारे अवलंबून असते, असे कसे म्हणावे?

आता संगणकाच्या आज्ञावलीकडे वळू, कारण मुरलीपुऱ्यातील अर्ध्या कामांत हल्ली तिचाच भरणा अधिक आहे. या शास्त्राच्या उगमाशीच एक न पुरे झालेले काम उभे आहे. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८२१च्या सुमारास, छापील कोष्टकांतील चुकांना कंटाळून, कोष्टके आपोआप मांडणारे यंत्र करावयाचे ठरविले. इंग्लंडच्या सरकारने पैसा दिला. सुमारे २५,००० भाग असलेल्या या यंत्राचा एक सप्तमांश तुकडा १८३२ साली जोडून तयार झाला, आणि तो उत्तम चालत होता. पुढच्याच वर्षी कारागिराशी तंटा होऊन काम थांबले. तेवढ्यात, १८३४ साली, बॅबेजच्या डोक्यात त्याहून कितीतरी मोठ्या, सर्व प्रकारची गणिते करणाऱ्या यंत्राची कल्पना आली, आणि जुन्या यंत्रावरचे त्याचे मन उडाले. सरकारने सुमारे सतरा हजार पौंड खर्ची घालून १८४२ साली हात आखडता घेतला. १८७१ साली बॅबेज वारला तेव्हा दोन्ही यंत्रे अपुरीच होती.

बॅबेजला उत्साहाची वाण होती, असे त्याचा वैरीही म्हणणार नाही. उलट उत्साहाच्या अतिरेकानेच त्याचा घात केला. नवी कल्पना ही अर्ध्या कामाची सवत होय. ती घरात आली, की पहिलीकडे कोणी पाहत नाही.

याच काळात स्टॉकहोममध्ये गेऑर्ग शॉयट्स नावाचा एक मुद्रक व संपादक होता. बॅबेजच्या यंत्राविषयीचा एक लेख १८३४ साली एका इंग्रजी त्रैमासिकात आला, तो त्याने वाचला. पुढे १८३७ साली त्याचा विद्यार्थीदशेतील मुलगा एडवर्ड याने घरच्या घरी, साध्या हत्यारांनी, यंत्र करावयास घेतले. १८४० साली ते पहिल्या फरकाचे गणित करू लागले. १८४२ साली तिसऱ्या फरकापर्यंत पोचले. १८४३ साली त्याला छपाईचा भाग जोडला. म्हणजे सहा वर्षांत तीन वेळा बापलेकांना ‘हे चालले!’ असे म्हणावयास मिळाले. मग अनुदान मिळवून १८५३ साली मोठे यंत्र पुरे केले. ते अमेरिकेतील ऑल्बनीच्या वेधशाळेने १८५७ साली घेतले. या यंत्राने शॉयट्स धनवान झाले नाहीत. पण राजाश्रय, कीर्ती व पैसा यांपैकी काहीही नसताना त्यांनी जे साधले, ते या तिन्ही गोष्टी असूनही बॅबेजला साधले नाही. बॅबेजने १८४७ ते १८४९ या काळात काढलेल्या सुधारित आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली गणित करणारे यंत्र उभे केले, आणि ते बिनचूक चालले. आराखड्यात खोट नव्हती.

आपल्या काळातील उदाहरण डोनल्ड कनूथ या अमेरिकन प्राध्यापकाचे आहे. संगणकाच्या आज्ञावलीवर एक ग्रंथ लिहावयाचे त्यांनी १९६२ साली घेतले; त्याचे अनेक खंड झाले. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, तेव्हा नव्या पद्धतीच्या छपाईने गणिताची झालेली दुर्दशा पाहून ते खिन्न झाले, आणि अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहावयास बसले. काही महिन्यांचे वाटलेले काम दहा वर्षांहून अधिक चालले. तरीही ते बॅबेजच्या वाटेने गेले नाही. १९७८ साली पहिले रूप चालू झाले. १९८१ साली त्यांच्याच ग्रंथाचा तो खंड त्याच प्रोग्रॅमवर जुळवून निघाला. त्या अनुभवावरून १९८२ साली संपूर्ण पुनर्लेखन झाले. १९७८पासून, सापडलेल्या प्रत्येक चुकीची नोंद त्यांनी एका रोजनिशीत ठेवली, आणि चूक दाखवून देणाराला बक्षीस दिले. त्यांच्या कामाची वाट पाहणारा पहिला ग्राहक ते स्वतःच होते. पुढे जगभरचे गणिती झाले. १९९० साली त्यांनी जाहीर केले, की यापुढे नवे काही घालावयाचे नाही. केवळ चुका दुरुस्त करावयाच्या, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा अंक वर्तुळाच्या परिघ-व्यास गुणोत्तराच्या एकेक दशांशाने जवळ न्यावयाचा. आपल्या कामाला पूर्णविराम कोठे द्यावयाचा, हे कर्त्यानेच ठरविल्याचे याहून सुरेख उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आपली संगणक-प्रणाली अगदी बाल्यावस्थेत लोकांपुढे ठेवली, आणि १९९४ साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तेथेही रीत तीच.

आता आमच्यासारख्यांनी यातून काय घ्यावे? आम्ही फावल्या वेळात एक लहानसा प्रोग्रॅम लिहीत आहोत, त्याचा दाखला देतो. सम्राटयंत्राची सावली जी वेळ दाखविते ती जयपूरची स्थानिक सूर्यवेळ. आपल्या मनगटावरचे घड्याळ दाखविते ती ८२॥ अंश रेखांशाची प्रमाणवेळ. जयपूर त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेसात अंशांवर असल्याने सावली घड्याळाच्या मागे सरासरी २७ मिनिटे असते. शिवाय सूर्याची गती वर्षभर सारखी दिसत नाही, म्हणून हा फरक फेब्रुवारीच्या मध्यास ४१ मिनिटांपर्यंत वाढतो, आणि नोव्हेंबरच्या आरंभी १० मिनिटांच्या आसपास येतो. घड्याळावरून सावलीची वेळ काढावयाची, एवढेच आमच्या प्रोग्रॅमचे काम. पहिल्या आठवड्यात त्यात केवळ २७ मिनिटे वजा करण्याची तरतूद केली. तेवढ्यानेही तो चालू लागला, आणि घरच्या मुलांनी जंतरमंतरात जाऊन तो ताडून पाहिला. सूर्यगतीची दुरुस्ती नंतर घातली. यातच तिथी, नक्षत्र आणि मराठी महिने घालावेत, असे मित्रांनी सुचविले. सूचना उत्तम आहे; म्हणूनच ती निराळ्या वहीत लिहून ठेवली आहे. या वहीतील एकही ओळ पहिले काम पुरे झाल्यावाचून उघडावयाची नाही, असा नियम केला आहे.

आणखी एक युक्ती आम्ही कार्यालयातूनच उचलली. सरकारी नस्तीतील टिपणीची पुष्कळ थट्टा होते. परंतु अधिकारी बदलून गेला तरी प्रकरण अडत नाही, ते त्या टिपणीमुळेच. नवा मनुष्य मागील पान वाचतो आणि पुढे चालतो. खाजगी कामाला हाच आधार नसतो. आठ दिवस दौरा झाला, घरी पाहुणे आले, वा बदलीचा हुकूम आला, की आपण काय करीत होतो हेच स्मरत नाही. मग ते आठवण्याचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्यालाच आपण ‘उत्साह मावळला’ असे नाव देतो. म्हणून रोज रात्री उठण्यापूर्वी तीन ओळी लिहाव्या: आज काय झाले, कोठे अडले, उद्या प्रथम काय करावयाचे. उद्याचे आपण हे आजच्या आपले उत्तराधिकारीच असतो. त्यांना रीतसर चार्ज द्यावा. कनूथ यांची रोजनिशी आणि आपल्या कचेरीतील टिपणी यांत तत्त्वतः भेद नाही.

बदलीवर राहणाऱ्या माणसाला हे विशेष महत्त्वाचे आहे. आपले घर तीन-चार वर्षांनी हलते, मुलांच्या शाळा बदलतात, शेजार बदलतो. अशा आयुष्यात स्वतःचे म्हणता येईल असे सलग सूत्र एखाद्या हौसेच्या कामाचेच असते. तेही तुटले, तर उरते ती केवळ सेवापुस्तिका. उज्जैनची जयसिंहाची वेधशाळा कित्येक वर्षे पडझडीत होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि ती यंत्रे पुन्हा वेध घेऊ लागली. दोनशे वर्षांनी आलेल्या परक्या प्रांतीच्या माणसाला ते काम पुढे नेता आले; कारण जे बांधले होते ते पुरे व स्पष्ट बांधलेले होते.

आरंभशूर असणे हा दोष नव्हे; आरंभाला शौर्य लागतेच. मात्र आरंभ रोजच करावा लागतो, आणि तोही लहान. आजच्या रात्री पुरा होईल एवढाच तुकडा हाती घ्यावा, तो चालवून पाहावा, कोणाला तरी दाखवावा, उद्याची टिपणी लिहावी आणि दिवा मालवावा.